कर्नल फडतऱ्यांचं बारसं

माझ्या सासऱ्यांचं बारसं करायचं ठरलं तेव्हा त्यांना एकोणऐंशीवं लागलं होतं. तूप आणायला, पाट मांडायला, सोडाल्याहून गुरुजींना गाडीत घालून आणायला आणि "बाबा, फक्त अर्धा तास बसा" म्हणून विनवण्या करायला घरात एकच माणूस मोकळा सापडला, तो म्हणजे मी. माझे वडील रेल्वेत होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही बौद्ध. माझ्या लग्नात वंदना झाली, हार घातले आणि मंडळी जेवायला बसली. कर्मकांडाच्या नावानं वडिलांनी जन्मभर नाक मुरडलं, आणि त्यांची लेक जयपूरच्या मानसरोवर भागातल्या डेअरीवर उभी राहून विचारत होती, "भैया, घी गाय का ही है ना? पूजा का है." त्यानं विचारलं, कसली पूजा. काय सांगणार होते मी, कपाळ? ससुरजी का नामकरण है?

सासरे म्हणजे लेफ्टनंट कर्नल संभाजी फडतरे, निवृत्त. गाव सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. शेवटची नेमणूक जयपूरला होती, मुलाची शाळा इथे होती, म्हणून मानसरोवरात घर घेतलं आणि राहूनच गेले. माणूस शिडीसारखा सरळ. आणि शिडीसारखाच, वळवायला गेलं की कुठेतरी आपटणारा.

एकाहत्तरच्या लढाईत ते कॅप्टन होते. पश्चिम सीमेवरच्या एका चौकीवर पायाला तोफगोळ्याचे तुकडे लागून पकडले गेले आणि पलीकडच्या छावणीत वर्षभर युद्धकैदी होते. दुसऱ्या कुणाच्या नशिबी असं काही आलं असतं तर त्यानं नातवंडांना पुरून उरेल एवढं सांगून ठेवलं असतं. यांना विचारलं की यांचं एकच सुरू होतं, डाळ. डाळ बरी होती. आपल्या मेसपेक्षा बरी होती. बुधवारी पातळ असायची.

एकदा मीच त्यांना आमच्या शाळेत बोलावलं. मी रसायनशास्त्र शिकवते आणि त्या वर्षी विजय दिवसाचा पाहुणा आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. आठवीतल्या एका मुलीनं डोळे मोठे करून विचारलं, "सर, वहाँ आपको टॉर्चर किया?" बाबा गंभीरपणे म्हणाले, "बेटा, सबसे बड़ा टॉर्चर ब्रिज में मेरा पार्टनर था. हर बार गलत पत्ता." मग डाळीवर आले. मुलं हसली, प्रिन्सिपल मॅडम हसल्या नाहीत. पुढच्या वर्षीपासून पाहुणा आणायचं काम दुसऱ्याकडे गेलं, तेवढाच काय तो फायदा.

छावणीतून त्यांनी एक नियम मात्र घरी आणलाय आणि तो आम्हाला सगळ्यांना छळतो. जो वाटणी करील त्यानं सगळ्यात शेवटी उचलायचं. तिथे पावाचे तुकडे असे वाटत, म्हणजे भांडण होत नसे. इथे मिठाईच्या दुकानातून घेवर आणला तरी तेच. माझ्या नवऱ्याच्या, मंगेशच्या, वाढदिवसाला केक कापायला बाबा बसले की ते सुरी हातात धरून कोपऱ्या-कोपऱ्याचं माप घेतात, मेणबत्त्या वितळून जातात, पाहुणे एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणालं की बाबा, इथे केक भरपूर आहे, तर म्हणतात, "तेच तर. भरपूर असताना सवय सुटते."

आता सासूबाई. मालन फडतरे, माहेर कोरेगावकडचं. एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात लग्न झालं तेव्हा त्या विशीत होत्या, आणि त्याच डिसेंबरात गावात तार आली की कॅप्टन फडतरे धारातीर्थी पडले. पाठोपाठ पलटणीचा सुभेदार अस्थिकलश घेऊन आला. सगळं यथासांग झालं. अस्थी माहुलीच्या संगमावर सोडल्या, दहावा झाला, तेरावा झाला. सासूबाईंचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, त्यांना माजघराच्या कोपऱ्यात बसवलं. त्या तशा दीड-एक महिना राहिल्या. मग पलीकडून कैद्यांची नावं आली आणि त्यात कॅप्टन संभाजी फडतरे हे नाव होतं, जिवंत, पायाला जखम. तोफगोळ्यांनी जळलेल्या चौकीत ओळख पटवताना काहीतरी घोटाळा झाला होता, एवढंच सैन्यानं कळवलं.

आनंदीआनंद व्हावा की नाही? झालाही. पण गावच्या भटजींनी त्यात काडी घातली. जिवंत माणसाचे अंत्यविधी होऊन गेले तर शास्त्राच्या लेखी तो मेलेलाच. तो परत आला तर त्यानं नव्यानं जन्म घ्यायचा. त्याला तुपात बुडवून बाहेर काढायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं, आणि मग त्यानं आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. तोवर ती त्याची बायको नाही. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आई, म्हणजे सासूबाई, माझी थट्टा करताहेत. मी नेटवर शोधलं. खरोखर आहे.

बहात्तरच्या डिसेंबरात बाबा सुटून आले. बाकीच्या कैद्यांनी सीमेवरून थेट घर गाठलं, हे दोन दिवस उशिरा पोचले, कारण विचारलं तर "काम होतं". पंधरवड्यानं विधी मांडला. बाबा पाटावर बसले, भटजींनी मंत्र सुरू केले, आणि मध्येच हे उठले, बूट घातले आणि शेतात निघून गेले. गावानं ठरवून टाकलं की साहेब झालाय, आता देव कुठला मानतोय. विधी राहिला तो राहिलाच.

त्यानंतर त्यांना मुलगा झाला, बदल्या झाल्या, पेन्शन लागली. पण गावाकडे आईंना कुणी धड सवाष्ण धरलं नाही आणि धड विधवाही म्हटलं नाही. गौरीला सवाष्णींच्या ओट्या भरताना आईंच्या मोठ्या जाऊबाई, रत्नप्रभाकाकू, त्यांच्या पुढ्यात यायच्या, हसायच्या आणि पुढच्या बाईकडे सरकायच्या. वाईटपणा नाही हो, शास्त्राचा अडथळा, असं म्हणायच्या. इथे जयपुरात लष्करी वसाहतीतल्या बायकांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्या हळदीकुंकवाला आईंना पहिल्या पाटावर बसवायच्या. आणि प्रत्येक वेळी कुंकू लावून घेताना आईंची मान अशी आखडायची, जणू कुणी मागून "थांबा" म्हणणार आहे. मी हे पंचवीस वर्षं बघितलंय. शास्त्रावर माझा काडीचा विश्वास नाही, पण त्या मानेवर आहे.

बाबांना विषय काढला की दर वेळी नवीन कारण. एकदा म्हणाले, मी मेलोच नव्हतो, तर जन्म कशाला घेऊ? एकदा म्हणाले, एवढं तूप वाया घालवणं बरं नाही. एकदा म्हणाले, पाळण्यात माझे पाय मावणार नाहीत. आणि फारच ताणलं तर सकाळची बस पकडून चाकसूला. टोंक रोडवर, चाकसूच्या अलीकडे, त्यांनी एक तुकडा जमीन घेऊन लिंबं लावली आहेत. आमच्या घरातल्या भांडणांमुळे मिळालं तेवढं पाणी त्या लिंबांना दुसऱ्या कशानं मिळालं नसेल.

गेल्या फेब्रुवारीत आईंच्या हृदयाची झडप खराब झाल्याचं निघालं. जिना चढताना दम लागायचा, रात्री तीन उशा लागायच्या. डॉक्टरांनी सांगितलं, झडप बदलायची, छाती उघडावी लागेल, उशीर केला तर हृदयच थकेल. दोन आठवड्यांनंतरच्या गुरुवारची तारीख मिळाली. आम्ही हुश्श करून घरी आलो, आणि आईंनी चपला काढता काढता जाहीर केलं की त्या ऑपरेशनला जाणार नाहीत.

"ह्ये पाटावर बसले न्हाईत तर म्या बी टेबलावर झोपनार न्हाई," त्या बाबांकडे न बघता म्हणाल्या. "टेबलावर मेले तर मला कोन म्हनून न्यायचं? सवाष्न म्हनून हिरव्या लुगड्यात, का विधवा म्हनून? आदी त्ये ठरवा. मग काय कापायचं त्ये कापा."

मंगेशनं समजावलं. मी समजावलं. डॉक्टरांनी फोनवर समजावलं, आणि नेमकी अडचण काय आहे हे त्यांना इंग्रजीत सांगताना माझी जी त्रेधा उडाली ती मला पुन्हा आठवायची नाही. आईंनी जेवण कमी केलं आणि गोळ्या उशीखाली ठेवायला लागल्या. मी एक गोळी शोधून काढली की त्या म्हणायच्या, "खाते, खाते," आणि तोंडाला पदर लावायच्या. शेवटी मी बाबांच्या खोलीत गेले. ते टीव्ही बंद करून समोर बसले होते.

"बाबा," मी म्हटलं, "तुमचा देवावर विश्वास नाही, माझाही नाही. आपण दोघं मिळून अर्धा तास नाटक करू. नाहीतर आई जातील."

त्यांनी रिमोट टेबलावर नीट सरळ ठेवला. मग म्हणाले, "तूप फार नको."

मला वाटलं, जिंकलं. मी लगेच श्रीपाद गुरुजींना फोन लावला. गुरुजी मूळचे पुण्याकडचे, दोन पिढ्या जयपुरात, सोडाल्यात राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि इथल्या मराठी घरांतल्या सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं बघतात. असा विधी त्यांनीही कधी केला नव्हता. पण गडी उत्साही. दोन दिवस पोथ्या काढून बसले आणि म्हणाले, तुपात बुडवायची गरज नाही, डोक्यावर चमचाभर सोडलं तरी चालेल, पाळणा नको, मांडीवर नारळ ठेवून नाव घेऊ, मुंज सोडून देऊ, आणि लगेच लग्न. सगळं धरून तासाभरात आटपेल. मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते.

रविवारी सकाळी सगळं जमलं. हॉलमधला सोफा बाजूला सरकवला. आई मोरपिशी नऊवारी नेसून, श्वास सावरत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी नव्हे ते ऊन पडल्यासारखं काहीतरी बघितलं. मंगेशनं मोबाइल बंद करून ठेवला होता, म्हणजे प्रसंगाचं गांभीर्य त्यालाही कळलं होतं. बाबा धोतर नेसून आले. पाटावर बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे.

गुरुजींनी डोक्यावर चमचाभर तूप सोडलं. ते कपाळावरून ओघळून भुवईपाशी थांबलं. बाबांनी पुसलं नाही. गुरुजींनी हातात पाणी दिलं आणि संकल्प म्हणायला सुरुवात केली. देश, काळ, गोत्र, नाव. मी दारात उभी राहून घड्याळ बघत होते, कारण डाळ-बाटीवाला साडेबाराला येणार होता.

"थांबा," बाबा म्हणाले.

मी घड्याळ सोडून त्यांच्याकडे बघितलं.

"आत्ता काय म्हणालात ते मराठीत सांगा."

"काही विशेष नाही हो कर्नलसाहेब," गुरुजी म्हणाले. "एवढंच, की पूर्वी अज्ञानानं झालेलं और्ध्वदेहिक, म्हणजे अंत्यविधी, निष्फळ ठरो. ते झालंच नाही असं होवो."

"निष्फळ, मतलब?"

"मतलब रद्द. कॅन्सल समजा. ते रद्द झाल्याशिवाय नवा जन्म कसा घेणार?"

बाबांनी हातातलं पाणी ताम्हनात सोडून दिलं आणि उठले. "मग नाही," म्हणाले.

"बगितलंस?" आई मला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "तवा बी असंच. हितंच उठले हुते. ह्याच शब्दाला."

आता मात्र माझा संयम सुटला. सुनेनं सासऱ्याशी असं बोलू नये हे मला माहीत आहे, पण मी बोलले. "बाबा, गुरुवारी यांची छाती उघडणार आहेत. या बाईनं तुमच्याकडे पन्नास वर्षांत एक गोष्ट मागितली. एक. तुम्हाला तुमची ऐट एवढी मोठी झाली का? दोन शब्द रद्द झाले तर तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही," बाबा म्हणाले. "त्याचं जातं. त्याचं तेवढंच झालंय."

"कुणाचं?"

"विलासचं."

हे नाव आमच्या घरात कुणीही, कधीही ऐकलेलं नव्हतं. मंगेशनं माझ्याकडे बघितलं, मी आईंकडे. आईंनी मान हलवली. गुरुजींनी पोथीत बोट ठेवून पोथी मिटली.

बाबा उभ्याउभ्याच बोलले. वरिष्ठांपुढे रिपोर्ट द्यावा तसे, डोळे समोरच्या भिंतीवर ठेवून, आणि भुवईवर ते तूप तसंच. विलास सपकाळ, त्यांचा वायरलेसवाला शिपाई, जावळीतला. हल्ला झाला त्या दिवशी त्याला सपाटून ताप होता, थंडीनं दात वाजत होते, पण संच सोडून जायला तयार नव्हता. बाबांनी आपला कोट काढून त्याला घातला. कोटाच्या खिशात त्यांचं ओळखपत्र होतं, ते काढायचं राहिलं. मग बाबा खंदकातल्या लोकांकडे गेले, तिथे जखमी झाले, आणि पकडून नेत असताना त्यांनी वळून बघितलं तेव्हा वायरलेसच्या बंकरला आग लागलेली होती. पुढे आपल्या लोकांनी चौकी परत घेतली. बंकरमध्ये ओळखू न येणारं शरीर, कोटाचा तुकडा आणि ओळखपत्र मिळालं. त्यांनी कॅप्टन फडतरे समजून अग्नी दिला.

"छावणीत घरचं पहिलं पत्र आलं," बाबा म्हणाले. "माझा तेरावा झाल्याचं त्यात होतं. सगळे हसले. मीही हसलो. मला लगेच कळलं की तो कोण होता."

"सैन्याला नाही सांगितलंत?" मंगेशनं विचारलं.

"आल्या आल्या सांगितलं. त्यांनी नोंद बदलली. आणि मी सीमेवरून आधी जावळीत गेलो. त्याच्या आईकडे."

म्हणजे ते दोन दिवस उशिराचं काम हे होतं. आईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"एकुलता एक होता. नवरा आधीच गेलेला. मी सांगितलं की विलास गेला, मी बंकर जळताना बघितला. त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, साहेब, तुमचा बी तेरावा झाला हुता म्हनं. तुमी आलासा न्हवं? तसा त्यो बी यील." बाबा थांबले. "काय उत्तर देणार? मी समोर उभा होतो. मीच पुरावा होतो. तिनं दिवस घातले नाहीत, पिंड नाही, काही नाही. कुणाला करू दिलं नाही. दर सुट्टीत एक दिवस जायचो. दर वेळी ताट वाढून झाकलेलं असायचं. वीस-बावीस वर्षांनी ती गेली, तोपर्यंत."

दर सुट्टीतला तो एक दिवस. आई मला कितीदा म्हणाल्या होत्या, एक दिवस दारू प्यायला जायचे मित्रांकडं, जाऊ दे, बाकी दिवस तर घरी असायचे.

"त्याला पाणी मिळालं ते माझ्या नावानं," बाबा म्हणाले. "माझ्या वडलांच्या हातनं. संगमावर. ते झालंच नाही असं मी म्हणणार नाही. मालन, तुला जे म्हणायचं ते म्हण. कोट द्यायला नको होता मी. नसता दिला, तर ती राख तिच्या घरी गेली असती. ती रडली असती आणि मोकळी झाली असती."

मला काय वाटलं ते सांगते. मला आधी संताप आला. हे पन्नास वर्षांपूर्वी सांगता आलं असतं. गाडीत, स्वयंपाकघरात, कुठल्याही मंगळवारी, दोन वाक्यांत. त्याऐवजी तूप, पाळणा, लिंबं आणि डाळ. त्या डाळीच्या गोष्टी ऐकून हसलेल्या त्या आठवीच्या वर्गाची मला लाज वाटायला लागली, आणि मग माझीही.

आईंनी डोळे मिटले होते. आम्हाला वाटलं, त्यांना दम लागलाय. मी पाणी आणलं, त्यांनी हातानं बाजूला सारलं.

"ती राख त्या पोराची हुती?"

"हो."

"किती वर्साचं हुतं?"

"तुझ्याएवढं. एखादं वर्ष मोठं असेल."

"म्या मांडीवर घेतली हुती," आई म्हणाल्या.

बाबा पहिल्यांदाच भिंतीवरून नजर काढून त्यांच्याकडे वळले. "काय?"

"सुभेदारानं कलश आनला, त्यो म्या मांडीवर घेतला आन् सोडलाच न्हाई. माहुलीला न्यायची येळ झाली तवा मानसं म्हनाली, बायकांनी यायचं नसतं. म्या सोडंना. वडाय लागली तरी सोडंना. मग तुमच्या वडलांनी मला तसंच टरकात चढवलं, मांडीवर कलश घिऊन. सगळी मानसं भवतीनं बसली." त्या दोन श्वास थांबल्या. "पुढं तुमी जितं हायसा म्हनून कळलं. रत्नप्रभा म्हनाली, कुना परक्याची राख मांडीवर घिऊन बसलीस गं तू. आजून म्हनती. म्हनून म्या कुनाला सांगत न्हाई. तुमाला बी न्हाई सांगितलं. लाज वाटायची. जित्या नवऱ्यापायी रडले, आन् त्ये बी कुनाच्या तरी राखंला कवटाळून."

बाबांनी भुवईवरचं तूप पुसलं.

"तुमी त्या माउलीला सांगायचं हुतं," आई म्हणाल्या. आता आवाज चढला होता, आणि रागावला होता. "एवड्या खेपा घातल्यासा. सांगायचं हुतं की तुमच्या लेकराला कुनीतरी मांडीवर घेतलं हुतं. त्ये उगंच न्हाई गेलं. तिनं आयकलं असतं."

"मला कुठं माहीत होतं?" बाबा म्हणाले. "तू कधी बोलली नाहीस."

"तुमी कदी इचारलं?"

मला त्या दोघांना खांद्याला धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. एका छताखाली, एका ताटातलं वाटून खात, यांनी आपापली अर्धी गोष्ट अशी दडवून ठेवली, आणि जावळीतली ती बाई रोज संध्याकाळी ताट झाकत राहिली. मला रडू आलं, आणि राग गेला नाही. दोन्ही एकदम होत होतं.

गुरुजींनी खाकरून घसा साफ केला. "मालनताई, संकल्पाचे शब्द बदलता येतील का ते मी बघतो. ते विधी न मोडता लग्नापुरतं काही..."

"काय बी बदलायचं न्हाई," आई म्हणाल्या. "त्ये विधी त्या पोराचं हायेत. त्येचं त्येला ऱ्हाऊ द्या. लगीन बी नको. म्या नवरा म्हनून रडले खरी, पर मांडीवर घेतलं हुतं त्ये लेकरू हुतं. लेकरू गेलं म्हनून बाईचं कुंकू कुनी पुसत न्हाई. पुसलं ती त्येंची चूक. माजं लगीन मोडलंच न्हवतं. हाय का न्हाई, गुरुजी?"

गुरुजींनी तोंड उघडलं. शास्त्रात याला आधार नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी आईंकडे बघितलं, पोथी फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, "आहे."

"कीर्ती, गुरवारची पिशवी भर," आई मला म्हणाल्या. "आन् त्या उशीखालच्या गोळ्या आन हिकडं."

मी तुपाचं भांडं उचलून आत गेले. डाळ-बाटीवाल्याचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही. हॉलमधून बाबांचा आवाज आला, हळू, माझ्या लग्नापासून मी कधी ऐकला नव्हता इतका हळू.

"माहुलीपर्यंत? सगळा रस्ता मांडीवर?"

"सगळा रस्ता," आई म्हणाल्या. "ऊन लागत हुतं, म्हनून वर पदर धरला हुता."